मंद वाऱ्यासाठी जुना विंडसर्फिंग बोर्ड कसा निवडावा

विंडसर्फिंग शिकायचं ठरवलं की पहिला प्रश्न बोर्डाचा येतो. नवा बोर्ड महाग असतो, म्हणून बहुतेक जण वापरलेल्या बोर्डाकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. अडचण एवढीच की विकायला येणारे बरेचसे जुने बोर्ड जोराच्या वाऱ्यासाठी बनवलेले असतात. ते स्वस्त मिळतात, दिसायला देखणे असतात आणि ७-८ नॉटच्या वाऱ्यात नवशिक्याला उभंही राहू देत नाहीत. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: मंद वाऱ्यासाठी जुना बोर्ड घेताना लांबी, डॅगरबोर्ड (बोर्डाच्या मधोमध खाली जाणारं पातं) आणि आतून कोरडं असणं या तीन गोष्टी बघा. रंग, ब्रँड आणि बनवल्याचं वर्ष नंतर बघितलं तरी चालतं.

पायरी १: वारा आणि स्वतःचं वजन यांचा हिशेब

या लेखात मंद वारा म्हणजे साधारण ५ ते १२ नॉट. १० नॉट म्हणजे ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर. पाण्यावर जागोजागी पांढरे फेसाळ तुरे दिसायला लागले की वारा बहुधा ११-१२ नॉटच्या पुढे गेलेला असतो. तुम्ही जिथे जाणार तिथे बहुतेक दिवशी तसे तुरे दिसत नसतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

शिडावर पडणारा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १२ नॉटला जेवढा जोर मिळतो, त्याच्या फक्त पाव भाग ६ नॉटला मिळतो. शीड दुप्पट मोठं केलं तरी ही तूट भरून निघत नाही, आणि नवशिक्याला एवढं मोठं शीड पाण्यातून उचलताही येत नाही. म्हणजे मंद वाऱ्यात बोर्डानेच कमी जोरात पुढे सरकायला हवं.

आता आकारमान. गोड्या पाण्यात एक लिटर आकारमान एक किलो वजन तोलतं, खाऱ्या पाण्यात किंचित जास्त. तुमचं वजन ७० किलो, शीड, डोलकाठी आणि बूम (शीड धरायचा आडवा दांडा) मिळून १० किलो आणि बोर्ड १५ किलो धरला तर बेरीज ९५ होते. ९५ लिटरचा बोर्ड तुमच्यासह जेमतेम पाण्याच्या पातळीवर राहील, त्यावर उभं राहून शिकता येणार नाही. म्हणून नवशिक्यांसाठी सोपा नियम असा: किलोमधल्या वजनात ८० ते १२० मिळवा, येणारा आकडा लिटरमध्ये धरा. ७० किलोच्या माणसाला १५० ते १९० लिटर. शंका असेल तर वरच्या आकड्याकडे झुका. मंद वाऱ्यात जास्तीच्या लिटरांचा त्रास होत नाही, कमी पडलेल्या लिटरांचा होतो.

पायरी २: कोणत्या जातीचा बोर्ड हवा

इथे थोडा वेळ घालवा, कारण चुकीच्या जातीचा बोर्ड कितीही चांगल्या स्थितीत असला तरी तुमच्या कामाचा नाही.

बोर्ड दोन प्रकारे चालतो. वारा पुरेसा असेल तर तो उचलला जाऊन पाण्याच्या पृष्ठभागावरून सरपटतो, याला प्लेनिंग म्हणतात. वारा कमी असेल तर तो होडीसारखा पाणी कापत जातो. मंद वाऱ्यात दुसरीच अवस्था असते, आणि त्या अवस्थेतला वेग मुख्यतः पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरतो. होड्यांसाठी वापरला जाणारा ढोबळ हिशेब लावला तर साडेतीन-पावणेचार मीटरचा बोर्ड सुमारे साडेचार नॉटपर्यंत सहज जातो आणि अडीच मीटरचा पावणेचारच्या आसपास अडखळतो. आकड्यांत फरक छोटा वाटतो. पाण्यावर मात्र लांब बोर्ड वाऱ्याच्या झुळकींमधल्या रिकाम्या जागाही पार करतो आणि आखूड बोर्ड तिथेच पाणी ढकलत राहतो.

दुसरी गोष्ट डॅगरबोर्डची. बोर्डाच्या मधोमध असलेल्या फटीतून खाली जाणारं हे पातं बोर्डाला आडवं घसरू देत नाही. मंद वाऱ्यात वेग कमी असल्यामुळे मागच्या छोट्या फिनला, म्हणजे शेपटाखालच्या कल्ल्याला, पुरेशी पकड मिळत नाही. डॅगरबोर्ड नसेल तर तुम्ही हळूहळू वाऱ्याबरोबर खाली वाहत जाता आणि शेवटी बोर्ड उचलून किनाऱ्याने चालत परत यावं लागतं. निघाल्या जागी परत येता येणं हे नवशिक्यासाठी सुरक्षिततेचं काम आहे, म्हणून पहिल्या बोर्डाला डॅगरबोर्ड हवाच, यावर माझी तडजोड नाही.

या दोन कसोट्यांवर जुन्या बाजारातले बोर्ड असे विभागता येतात.

जुने लांब बोर्ड, म्हणजे साधारण साडेतीन ते पावणेचार मीटरचे. हॉयल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी १९६८ मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला त्या 'विंडसर्फर' नावाच्या मूळ बोर्डापासून ही जात सुरू झाली, आणि १९८०च्या दशकात अनेक कंपन्यांनी असे बोर्ड मोठ्या संख्येने बनवले. कोरडा आणि सरळ असेल तर चाळीस वर्षांचा बोर्डही मंद वाऱ्यात उत्तम चालतो. मिस्ट्रल वन डिझाइन याच कुळातला, १९९६, २००० आणि २००४च्या ऑलिंपिकमध्ये वापरलेला. ३७२ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम ६३ सेंटिमीटर रुंद. सुंदर धावतो, पण सुरुवातीला डगमगतो. तोल चांगला असेल किंवा दुसरा बोर्ड घेत असाल तरच त्याच्याकडे वळा.

रुंद शिकाऊ बोर्ड. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून बोर्ड आखूड आणि रुंद होत गेले. स्टारबोर्ड स्टार्ट, फॅनॅटिक वायपर, जेपी फनस्टर ही नावं जाहिरातींत दिसतील. साधारण ८० ते १०० सेंटिमीटर रुंद, वरती मऊ फोमचा थर. यावर शिकणं सर्वांत सोपं. मात्र एकाच नावाचे काही आकार डॅगरबोर्डसह, तर काही त्याच्याविना निघाले आहेत. फोटोत खालची बाजू बघितल्याशिवाय फट आहे असं गृहीत धरू नका.

मधले बोर्ड. बिक टेक्नो २९३ हा २९३ सेंटिमीटर लांब, ७९ सेंटिमीटर रुंद, २०५ लिटरचा डॅगरबोर्डवाला बोर्ड तरुणांच्या शर्यतींत खूप वापरला गेला. कोना वन आणखी लांब आणि टिकाऊ. मला विचाराल तर पहिल्या खरेदीसाठी हा गट सर्वांत समाधानकारक आहे, कारण शिकून झाल्यावरही तो हातातून सोडावासा वाटत नाही. मात्र टेक्नो शर्यतीत राबलेला असण्याची शक्यता मोठी, म्हणून तपासणी कडक करा.

टाळायचे बोर्ड. १९९०च्या दशकातले २७०-२९० सेंटिमीटर लांब, ५५-६० सेंटिमीटर रुंद, शंभर लिटरच्या आसपासचे, जोराच्या वाऱ्यासाठीचे स्लॅलम बोर्ड सर्वांत स्वस्त मिळतात आणि नवशिक्यांना सर्रास दिले जातात. नकार द्या. सुमारे मीटरभर रुंद फॉर्म्युला बोर्डाला लोक मंद वाऱ्याचा बोर्ड म्हणतात, पण तो ११-१२ चौरस मीटरचं शीड सांभाळणाऱ्या अनुभवी माणसासाठी असतो. प्लेनिंग सुरू झालं नाही तर तो जागचा हलत नाही, आणि त्याला डॅगरबोर्ड नसतो. २००८ ते टोकियोपर्यंतच्या ऑलिंपिकमधला आरएस:एक्स डॅगरबोर्डवाला आहे, पण जड आहे आणि मोठ्या शिडासाठी बनवलेला आहे. फॉइल, म्हणजे बोर्डाला पाण्यावर उचलून धरणारा पाण्याखालचा पंख, मंद वाऱ्यात विलक्षण काम करतं, तरी ते नंतरचं शिक्षण आहे.

पायरी ३: बघायला जाण्याआधी विचारायचं

नेमकं मॉडेल, लिटर, लांबी-रुंदी आणि कारखान्यातून आला तेव्हाचं वजन. विक्रेत्याला माहीत नसेल तर मॉडेलच्या नावावरून त्या वर्षाचा कॅटलॉग शोधून तुम्हीच काढा, हे वजन पुढे फार उपयोगी पडणार आहे. बोर्ड घरात ठेवला होता की उघड्यावर? शेवटचा पाण्यात कधी गेला? दुरुस्ती कुठे झाली आणि कोणत्या रेझिनने (वाळून घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाने)? फिन, डॅगरबोर्ड, मास्ट फूट (डोलकाठी आणि बोर्ड जोडणारा तुकडा) सोबत आहेत का? खालच्या बाजूचा, नाकाचा आणि फिनच्या खोबणीचा जवळून फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर प्रवास वाचवा.

पायरी ४: हातात घेऊन तपासणी

दिवसाच्या उजेडात जा. सोबत वजनकाटा, कोरडं फडकं, पाण्याची बाटली, मोठी पट्टी किंवा सरळ काठी आणि स्क्रू-ड्रायव्हर न्या.

आधी वजन. काट्यावर एकटे उभे राहा, मग बोर्ड कवेत घेऊन. फरक म्हणजे बोर्डाचं वजन. पायाचे पट्टे आणि फिन लावलेले असतील तर तेवढं वजा करा. कॅटलॉगपेक्षा किलोभर जास्त भरणं नेहमीचं आहे. दोन-तीन किलो किंवा त्याहून जास्त भरलं तर आत पाणी आहे असं समजा. बहुतेक आधुनिक बोर्डांचा गाभा पांढऱ्या पॉलिस्टायरीन फोमचा असतो, त्याच्या दाण्यांमधल्या जागेत पाणी एकदा शिरलं की महिनोनमहिने निघत नाही. जड झालेला बोर्ड मंद वाऱ्यात आळसावतो, आणि आतला ओलावा उन्हात तापून वरची कातडी फोमपासून सोडवू लागतो. हा एकच दोष इतर सगळ्या गुणांवर पाणी फिरवतो.

मग हवेचा स्क्रू शोधा. पॉलिस्टायरीनच्या बोर्डाला सहसा डोलकाठीच्या जागेजवळ एक छोटा स्क्रू असतो. आतली हवा तापून फुगली की तिला वाट देण्यासाठी. तो उघडा, खालचं रबरी कडं तपासा, मग बोर्ड कलंडवून ते भोक सर्वांत खाली येईल असा थोडा वेळ धरा. पाण्याचा थेंब आला तर उत्तर मिळालं. स्क्रूचं डोकं झिजलेलं आणि कडं गायब असेल तर पाणी कुठून गेलं तेही कळलं. काही बोर्डांना आपोआप श्वास घेणारा व्हॉल्व्ह असतो, तो उघडायच्या फंदात पडू नका.

गळतीचा संशय असेल तर विक्रेत्याच्या परवानगीने त्या भोकाला नळी लावून तोंडाने हलकेच फुंका आणि संशयाच्या जागी साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर तिथे भेग आहे. हवेचा पंप किंवा कॉम्प्रेसर कधीही लावायचा नाही, कातडी आतून सुटते.

पुढे टकटक. बोटाच्या पेरांनी किंवा नाण्याने संपूर्ण वरची बाजू ठोकत जा. चांगल्या जागी आवाज करकरीत आणि एकसारखा येतो. जिथे तो बसका, पोकळ होतो तिथे कातडी सुटलेली असू शकते. त्या जागी अंगठ्याने जोरात दाबा. आत दबून परत वर आली तर बोर्ड मऊ पडला आहे. सर्वांत जास्त लक्ष द्या डोलकाठीच्या खोबणीच्या दोन्ही बाजूंना आणि पायाच्या पट्ट्यांजवळ, कारण टाचांचा मार तिथेच बसतो. रबरी किंवा फोमची गादी असलेल्या बोर्डांवर आवाज फसवतो, तिथे दाबूनच बघावं लागतं.

भेगांमध्ये फरक करायला शिका. रंगाच्या वरच्या थरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतात, त्या बहुधा निरुपद्रवी. खोल भेग ओळखायला जागा ओल्या फडक्याने पुसा, नंतर कोरडी करा. आजूबाजूचं वाळून गेल्यावरही जी रेघ ओली, काळपट राहते, ती उघडी आहे. नाकावर जुनी दुरुस्ती असणं सामान्य आहे. वाऱ्याच्या झटक्याने माणूस पुढे फेकला गेला की डोलकाठी नाकावर आदळते. नीट घासून, गुळगुळीत केलेली नाकाची दुरुस्ती असली तरी मी बोर्ड घेईन. डोलकाठीच्या खोबणीपासून कडेपर्यंत आडवी जाणारी भेग किंवा तिथली दुरुस्ती असेल तर घेणार नाही, बोर्ड तिथेच मोडतो.

दुरुस्ती कशाने केली हेही बघा. पॉलिएस्टर रेझिन पॉलिस्टायरीन फोम विरघळवतं. तशा बोर्डावर कुणी ते थेट फोमवर ओतलं असेल तर वरून छान दिसणाऱ्या ठिगळाखाली पोकळी असते. त्या बोर्डांना इपॉक्सी रेझिनच लागतं.

जुन्या प्लास्टिकच्या, म्हणजे पॉलिइथिलीनच्या सालीच्या बोर्डांचं गणित वेगळं. दगडावर आपटले तरी सहसा फुटत नाहीत, वजनाने जड असतात आणि शिकण्यासाठी छान. पण त्यांच्यावर गोंद किंवा रेझिन चिकटत नाही. चीर गेली तर प्लास्टिक वितळवूनच जोडावी लागते. त्यांचा खरा शत्रू ऊन आणि चुकीचं ठेवणं. वर्षानुवर्षं दोन आधारांवर पडून राहिले की तळ वाकतो. बोर्ड उलटा करा, मागच्या मीटरभर भागावर सरळ काठी टेकवा. मधे खड्डा किंवा फुगवटा दिसला तर सोडा. पृष्ठभाग खडूसारखा भुकटी सोडत असेल तर ऊन खूप खाल्लं आहे.

पायरी ५: खोबण्या आणि हलणारे भाग

डॅगरबोर्ड पायाने खाली-वर करून बघा. थोडा घट्ट चालेल, वाळू अडकलेली असू शकते, धुतल्यावर सुटते. खाली असताना फार खुळखुळत असेल किंवा आपोआप वर येत असेल तर आतल्या पकडीचं रबर झिजलं आहे. तळाच्या फटीवरच्या लवचीक पट्ट्या फाटलेल्या असल्या तर पाणी वर उडतं आणि वेग जातो, पण त्या बदलता येतात. पातंच मोडलेलं किंवा हरवलेलं असेल तर मात्र थांबा. बंद पडलेल्या मॉडेलचं पातं मिळवणं फार कठीण असतं.

फिन काढून खोबणीच्या आत आणि चारही कोपऱ्यांत बघा. केसासारखी भेगसुद्धा इथे गंभीर धरा. खोबणीचे प्रकार वेगवेगळे आहेत: पॉवर बॉक्सला वरून एक बोल्ट, टटलला दोन, यूएस बॉक्समध्ये फिन पुढेमागे सरकते. या तिघांपैकी काहीही असेल तर फिन सहज मिळते. १९८०च्या दशकातल्या काही कंपन्यांच्या स्वतःच्या खास खोबण्या होत्या, तशा बोर्डासोबत फिन आहे याची खात्री करा.

मास्ट फूट आजच्या पद्धतीचा बसतो का ते बघा. जुन्या काही बोर्डांत कंपनीचाच खास तुकडा लागतो. मधला लवचीक सांधा दोन्ही बाजूंना पूर्ण वाकवा. वाकवल्यावर चिरा दिसल्या तर तो बदलायचाच. हा सांधा पाण्यात तुटला तर शीड आणि बोर्ड वेगळे होतात. सुटे भाग घेताना जुन्यावर विसंबू नका.

पायाच्या पट्ट्यांची भोकं झिजलेली असली तरी सुरुवातीला पट्टे लागतच नाहीत. वरचा खरखरीतपणा गेला असेल तर तो पुन्हा देता येतो.

पायरी ६: सोबत मिळणारं शीड

बऱ्याचदा बोर्ड, शीड, डोलकाठी सगळं एकत्र विकलं जातं. शिडाला वेगळी किंमत मनात धरा. पारदर्शक मोनोफिल्म उन्हाने ठिसूळ होते. घडी घालताना कडकड वाजली आणि पांढऱ्या रेषा उमटल्या तर पहिल्याच पडण्यात फाटेल. शिकायला मोठ्या माणसाला साधारण ४.५ ते ५.५ चौरस मीटरचं शीड पुरतं, थोडं जमल्यावर मंद वाऱ्यात ६ ते ६.५. शिडावर छापलेली डोलकाठीची लांबी आणि प्रत्यक्ष डोलकाठी जुळते का, डोलकाठीचे दोन भाग वेगळे होतात का, आणि बूमची पकड डोलकाठीवर घट्ट बसते का, एवढं बघा.

पायरी ७: शक्य असेल तर पाण्यात

तासभर पाण्यात मिळाला तर इतर सगळ्या शंका मिटतात. शीड न लावता बोर्डाच्या मध्यावर उभे राहा, पुढे-मागे दोन पावलं टाका. पायाच्या घोट्यावर पाणी येत असेल तर लिटर कमी आहेत. मग डॅगरबोर्ड खाली ठेवून चाला, दिशा बदला, वाऱ्याकडे तोंड करून वर चढून बघा. वारा थोडा वाढला की खाली असलेला डॅगरबोर्ड बोर्डाची एक कड उचलू लागतो. तो त्या क्षणी पायाने मागे दुमडता येतो का, हे खऱ्या वापरातच कळतं. स्वतःला येत नसेल तर जाणत्या मित्राला न्या. बाहेर आल्यावर बोर्ड पुसून पुन्हा काट्यावर ठेवा. वजन वाढलेलं दिसलं तर व्यवहार संपला.

पायरी ८: भाव आणि घरी आणल्यावर

भाव ठरवताना लागणाऱ्या सुट्या भागांची यादी विक्रेत्यासमोर ठेवा: सांधा, फिन, रबरी कडं, भेगेची दुरुस्ती. दिसण्यावरून घासाघीस करू नका, ओरखड्यांनी वेग कमी होत नाही. पाणी शिरलेल्या बोर्डावर कितीही सूट मिळाली तरी पहिली खरेदी म्हणून तो घेऊ नका. वाळवायला महिने जातात, आणि तुमचा शिकण्याचा पहिला हंगाम त्यातच संपतो. पावणेचार मीटरचा बोर्ड कुठे ठेवणार, गाडीच्या टपावर कसा बांधणार आणि गाडीपासून पाण्यापर्यंत कोण उचलणार, हेही पैसे देण्याआधी ठरलेलं हवं.

घरी आणल्यावर गोड्या पाण्याने धुवा, डॅगरबोर्डच्या फटीतली वाळू काढा, हवेच्या स्क्रूचं रबरी कडं नवं घाला. बोर्ड सावलीत, कडेवर किंवा रुंद मऊ आधारावर ठेवा. उन्हात, गाडीत किंवा विमानात नेताना स्क्रू सैल करा आणि पाण्यात जाण्याआधी तो घट्ट केल्याची खात्री प्रत्येक वेळी करा. घरी आणल्या दिवशीचं वजन स्क्रूजवळच पक्क्या शाईने लिहून ठेवा, आणि महिन्याभराच्या वापरानंतर पुन्हा तोलून बघा.